‘तिसरी हाक’ची अक्षरं

लोकेशने अकरावं डिझाइनही नापास केलं, तेव्हा नूतनने माउस टेबलावर आपटला.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या बसस्टँडजवळ नूतन गजभियेचं फ्लेक्सचं दुकान होतं. वाढदिवस, कोचिंग क्लास, भीमजयंती, नेत्यांचं स्वागत; सोळा वर्षं ती हेच करत आली होती. कटंगीचा लोकेश भुताचा सिनेमा काढतोय हे कळल्यावर तिने त्याच्या टायटलचं काम आपणहून मागून घेतलं. कुणाचा हात जोडलेला फोटो नाही, नुसती अक्षरं. असं काम तिला कधी मिळालंच नव्हतं.

लोकेशने तिला गोष्ट फोनवर सांगितली होती. बाहेरून भूत नावाने हाक मारतं, पण दोनदाच. तिसऱ्यांदा हाक आली तर माणूस समजावा आणि ओ द्यावी. या सिनेमातलं भूत मात्र तिसऱ्यांदाही बोलावतं. नाव ‘तिसरी हाक’.

“डर नाही लागून राह्यला, ताई,” लोकेश फोनवर म्हणाला. “खून टाका ना. अक्षरातून टपकलं पाह्यजे.”

“तुमच्या पिक्चरमधी रक्त हाय का कुठं?”

“नाही.”

“मंग अक्षराले काहून येऊन राह्यलं?”

“पब्लिकले समजलं पाह्यजे ना, भुताचं पिक्चर हाय म्हणून!”

तिने अक्षरं ब्रशने हाताने काढली होती. ‘ति’ची वेलांटी दुरून, अर्ध्या पडद्यावरून वाकत यायची. ‘हा’पाशी वरची रेघ तुटायची. लोकेशला ती छपाईची चूक वाटली. मग तडे झाले, धूर झाला, राख झाली. बाराव्या डिझाइनवर त्याचा व्हॉइस मेसेज आला, “ताई, ‘ती’ दीर्घ करा. हिंदीत ‘तीसरी’ दीर्घ असते, आपल्या इकडचे हिंदीवाले हसतीन.”

“अरे, मराठीत ‘तिसरी’ ऱ्हस्वच असते!” ती रिकाम्या दुकानात ओरडली. वेलांटी बदलली की तिची सगळी रचनाच कोसळत होती.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तिने कटंगीची बस धरली.

“मले पिक्चर दाखवा,” लोकेशच्या दारात उभं राहूनच ती म्हणाली.

“म्युझिक बाकी हाय, ताई.”

“जसं हाय तसं दाखवा.”

त्याने लॅपटॉप उघडला. अंगणात एक बाई सुपात तांदूळ निवडत बसलेली. कुंपणापलीकडून आवाज आला, “आनंदी…” जेवायला बोलवावं तसा, आईचा. थोड्या वेळाने पुन्हा, “आनंदी…” बाईचा हात सुपातच थांबला. नूतनच्या अंगावर काटा आला. आणि तेवढ्यात लोकेशने तात्पुरती लावलेली तिचीच वेलांटी सळसळत पडद्यावर आली, आणि भीती पार निघून गेली. नजर नुसती त्या वळणामागे धावत होती.

सहा आठवडे! सिनेमा न पाहता ती सहा आठवडे भांडली होती. लोकेशचा राग येत होताच, त्याहून जास्त स्वतःचा आला.

तिथेच बसून तिने नवीन टायटल केलं. पहिलीच्या पुस्तकातल्यासारखी साधी, पांढरी, लहान अक्षरं, खालच्या कोपऱ्यात. दुसऱ्या हाकेनंतर काळा पडदा आणि तेवढेच दोन शब्द.

“एवढंसं?” लोकेशचा चेहरा पडला. “मोबाइलवर दिसन का?”

“चालवून तर पाहा.”

त्याने चालवलं. टायटल आलं, गेलं. दुपारचे दोन वाजले होते, तरी लोकेशने उठून दाराबाहेर डोकावून पाहिलं.

“राहू द्या हेच,” तो हळूच म्हणाला. मग सावरून म्हणाला, “पण पोस्टरवर खून राहीन. आन् ‘ती’ दीर्घच. डिस्ट्रिब्यूटरले कबूल केलं मी.”

अर्धा तास ती भांडली. काही उपयोग झाला नाही. “मंग पोस्टरवर माहं नाव टाकू नका,” एवढं बजावून ती निघाली.

बालाघाटच्या खेळाला ती गेली. टायटल आलं तेव्हा मागच्या रांगेत मोबाइलवर बोलणारा माणूस वाक्य अर्धवट सोडून गप्प झाला. तिला आनंद व्हायला हवा होता. पण आत येताना तिने दारावरचं पोस्टर पाहिलं होतं: लालभडक, टपकणारं, आणि खाली ठळक अक्षरांत ‘टायटल: नूतन ग्राफिक्स’.

इंटरव्हलमध्ये लोकेश समोसे घेऊन धावत आला. “ताई, जमलं ना! पुढच्या पिक्चरचं नाव ठरवलं मी…”

“नाव नका सांगू. आधी पिक्चर बनवा, मले दाखवा. मंग बोलू.”

दारापाशी जाऊन तिने पर्समधून काळा मार्कर काढला आणि पोस्टरवरचं आपलं नाव खोडायला घेतलं.