गाडीच हलकी होती

गाडी घ्यायची तर मोठीच, हे विमलबाईनं सोमेश्वरच्या तेराव्यालाच जाहीर करून टाकलं होतं. पंगत बसलेली, वाढणं चाललेलं, आणि ही माउली मधोमध उभी राहून म्हणते, "हलक्या गाडीनं माजा लेक नेला. आता दारात येईल ती दणकट येईल, न्हाईतर येणारच न्हाई." पोटचा पोर गेलेल्या बाईपुढं कोण तोंड उघडणार? सगळ्यांनी माना डोलावल्या. गावाचंही तेच म्हणणं होतं. एवढीशी गाडी, मागं कांद्यानं भरलेला ट्रेलर. घाटाच्या उतारावर ट्रेलर शेपटासारखा झुलायला लागला आणि त्यानं गाडीच उलटी केली.

ट्रेलर तरी कसला, घरचीच जुनी टायरगाडी. ऊसतोडीला जाताना सगळा संसार तिच्यात भरून, बैल जुंपून निघायचे. कोयत्याच्या घरात पोरगी कोण देतो? थोरल्या सोमेश्वरचं लग्न काही जमलं नाही. मग एका वर्षी त्यानं बैल विकले, एक छोटी जुनी गाडी घेतली, टायरगाडीचं जू काढून पुढं लोखंडी दांडी नि हूक जोडून घेतला आणि म्हणाला, "बास झाला कोयता. आता बाजार करायचा." आज नेकनूर, उद्या घाटनांदूर, कांदा आणि लसूण. दोन वर्षं बरी गेली.

तो गेल्यापासून धाकट्या अभिमन्यूला काही वाटेनासंच झालं होतं. रडू नाही, राग नाही. ताट समोर आलं की जेवायचा. बायको दिपाली विचारायची, "भाजीत मीठ हाय का?" त्याला सांगता यायचं नाही. वर्ष असंच गेलं. शेवटी दिपालीच म्हणाली, "असं बसून कसं भागंल? गाडी बघा. पोरं नि आत्याबाई नीट बसतील, नि मागं ट्रेलर बी ओढंल अशी." तो बरं म्हणाला. कशालाही बरंच म्हणायचा.

सिरसाळ्याच्या आदिनाथचा जुन्या गाड्यांचा धंदा. त्याच्याकडं दोन गाड्या होत्या. एक छोटी पांढरी, यांना सहज झेपणारी. दुसरी थोराड जीप. ती घ्यायची तर आणखी एक हंगाम कोयता हातात धरणं आलं. आणि कोयत्याला पुन्हा हात लावायचा नाही, एवढी एकच गोष्ट अभिमन्यूनं मनाशी पक्की धरली होती.

शेजारच्या सिदूच्या ट्रॅक्टरमागं लावून ट्रेलर सिरसाळ्याला नेला, तोही बाजाराला निघाल्यासारखा भरून. "रिकाम्या गाडीवर काय डोंबल कळतंय?" विमलबाई म्हणाली, आणि पहाटेच स्वतः पोती लावली. ऊसतोडीच्या टोळीत तिच्या भरण्याचं नाव होतं. उसाच्या मोळ्या अशा रचायची, की जू बैलांच्या मानेवर नुसतं टेकलेलं राहायचं. मुक्या जनावराच्या मानेवर वजन द्यायचं नाही, हा तिचा नेम. बैल गेले तरी हाताची सवय जाते होय! जड पोती मागं, हलकी पुढं.

"आधी छोटी बघतो," अभिमन्यू म्हणाला.

"तिला हात बी लावू नगंस!"

"मावशी, बघायला काय जातंय?" म्हणत आदिनाथनं चावी दिली आणि चहा सांगितला. विमलबाई बाजेवर बसून राहिली. ट्रेलर छोटीच्या मागं लावून अभिमन्यू एकटाच निघाला.

गावाबाहेरच्या उताराला लागला, जरा वेग धरला, आणि ट्रेलर झुलायला लागला. गाडीचं मागचं अंग इकडून तिकडं ओढलं जाऊ लागलं. सोमेश्वरच्या हातात शेवटी हेच आलं असणार, एवढंच त्याच्या मनात आलं. त्यानं पाय हळूहळू काढला आणि गाडी कडेला घेतली. भीतीसुद्धा वाटली नाही.

खाली उतरून त्यानं चाकं बघितली. ठीक होती. हूक बघायला तो सोडवला. दांडी जड असणार म्हणून वाकून जोर लावला, तर दांडी एका हातानं वर आली. वजन म्हणून नव्हतंच तिच्यात. तो तशीच ती धरून उभा राहिला.

मग दांडी परत अडकवली, ट्रेलरवर चढला, आणि मागची जड पोती ओढून पुढं आणली. गाडीचं मागचं अंग जरासं खाली बसलं. तोच उतार, मघापेक्षा जास्त वेग. घराकडं निघालेल्या बैलासारखा ट्रेलर मागं सरळ येत होता. पुन्हा एकदा जाऊन बघितलं. तेच.

बैलाची मान वाचवायची म्हणून पुढं हलकं ठेवायचं. पण गाडीला कुठली मान? तिच्या हुकावर थोडं वजन बसलं, तरच मागचं ओझं सरळ राहतं. गाडी हलकी नव्हतीच. भरणं चुकलं होतं. आणि त्या दिवशीही ट्रेलर आईनंच भरला होता.

ही छोटी गाडी घरी नेली आणि ती सुरळीत चालली, तर म्हातारी दोन दिवसांत विचारील, मग तवा काय झालतं? वर्षभर न आलेलं रडू अभिमन्यूला तिथं, लसणाच्या पोत्यावर बसून आलं. भावासाठी नाही, आईसाठी. पोटभर रडला. मग उठला आणि एकेक पोतं तिनं लावलं होतं तसं परत मागं नेऊन ठेवलं. सावकाश परत आला.

विमलबाई बाजेवरून उठली. "हालली ना?"

"लई हालली."

"मी सांगत न्हवते!" तिनं मोठा श्वास सोडला. हातातला गार झालेला चहा घटाघटा पिऊन टाकला.

"मोठीच दे," अभिमन्यू म्हणाला.

"आरं, चालवून तरी बघ की," आदिनाथ म्हणाला.

"नगं."

पुढच्या बाजाराला आई उठायच्या आत त्यानं ट्रेलर भरून ठेवला. विमलबाई कंबरेवर हात ठेवून बघत राहिली. "ही कंची तऱ्हा? जड पोती पुढं? माजं भरणं नगं झालं व्हय रं?"

"तुजी कंबर दुखती, आये."

"कंबर आजच दुखाया लागली व्हय?"

रुसली. जीपमध्ये पुढं बसली, पण बोलेना. मागं दिपाली नि पोरं. उताराला लागल्यावर मात्र विमलबाईनं मान वळवून मागं बघितलं. ट्रेलर सरळ येत होता. ती बराच वेळ बघत राहिली.

"बग," ती हळूच म्हणाली, "जरा सुदीक हालत न्हाई. हीच आदी घेतली असती, तर सोमा असता."

जीपच्या पैशापायी दिवाळीनंतर कोयत्याला निघायचं होतं. अभिमन्यूनं समोरच्या रस्त्यावरची नजर काढली नाही.

"हां आये," तो म्हणाला. "गाडीच हलकी होती."