एक दिवस पुढे

तिने प्रोग्राममधल्या सतरा ओळी निवडल्या, एकदा खालून वर वाचल्या आणि पुसून टाकल्या. वरचा शेराही गेला: ‘तारीख एक दिवस पुढे येते, म्हणून एक वजा. तात्पुरतं. पुढच्या आठवड्यात काढतो.’ त्या पुढच्या आठवड्याला नऊ वर्षं झाली होती.

ऑफिसात तिला सगळे ‘केरसुणी’ म्हणत. दुसऱ्यांनी लिहून विसरलेलं काढायचं, हेच तिचं काम. बारा डायलिसिस केंद्रं चालवणाऱ्या या सॉफ्टवेअरमध्ये कापड कमी आणि ठिगळंच जास्त, असं तिचं मत होतं आणि ते ती चारचौघांत बोलूनही दाखवायची. या सतरा ओळींमुळे पडद्यावर गुरुवार असला, तरी रुग्णाच्या पुढच्या पाळीच्या चिठ्ठीवर बुधवार छापला जायचा. आता दोन्हीकडे गुरुवार येऊ लागला. तिने तीनदा तपासलं. स्वारी खुशीत घरी गेली.

पुढच्या आठवड्यात केंद्रांतून फोन सुरू झाले. गुरुवारी सात यंत्रं रिकामी, शुक्रवारी दारात रांग. तिने आदल्या चार महिन्यांच्या नोंदी चाळल्या, छपाईयंत्रांची घड्याळं तपासायला लावली, एका निरपराध सर्व्हरला दोनदा बंद-चालू केलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. तारखा सगळ्या बरोबर होत्या आणि माणसं सगळी चुकीच्या दिवशी येत होती. तिचं डोकं चालेना. शेवटी ती जवळच्या केंद्रावर जाऊन बसली.

स्वागतकक्षातल्या ताई चिठ्ठ्या वाटत होत्या. चिठ्ठी यंत्रातून बाहेर आली की त्या निळ्या पेनाने तारखेवर काट मारत, बाजूला पुढची तारीख लिहीत आणि हसून चिठ्ठी पुढे करत. हे सगळं त्या न बघता करत होत्या.

“ताई, हे काय करताय?”

“एक वाढवतेय. चिठ्ठीवर नेहमी एक दिवस मागचा येतो ना. तुमच्याच ऑफिसातून सांगितलं होतं, तोवर पेनाने एक वाढवा म्हणून.”

“तोवर म्हणजे कधीपर्यंत?”

“ते काही नाही सांगितलं.”

कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक निवृत्त मास्तर बसले होते. त्यांची डायलिसिसची पाळी कालची होती. पाय सुजून चपलेबाहेर आले होते आणि दोन शब्दांमध्ये ते श्वास घेत होते. तिने त्यांच्या हातातली चिठ्ठी पाहिली. छापलेला गुरुवार, वर काट, शेजारी सुबक अक्षरात शुक्रवार. चिठ्ठी बरोबर होती, ताईही चुकल्या नव्हत्या, आणि तरी हा म्हातारा धापा टाकत होता. नर्स त्यांना आत घेऊन गेली, तेव्हा तिच्याने त्यांच्याकडे बघवेना.

आता चिठ्ठी बरोबर येते, एवढं तिने ताईंना कसंबसं सांगितलं. ताईंनी पेनाकडे पाहिलं आणि मग मास्तर गेले त्या बंद दाराकडे. त्यांचा चेहरा उतरला. मी ऑफिसात जाऊन बघते, म्हणून ती निघाली.

ऑफिसात काका होते. सगळ्यांत जुने प्रोग्रामर. सतरा ओळींचं नाव काढताच त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसला.

“माझ्याच त्या. मूळ चूक नंतर दुसऱ्याने दुरुस्त केली. माझं वजा काढायचं राहिलं. मग तारीख मागे पडायला लागली आणि केंद्रावरच्या त्या बाईंचा फोन आला. म्हटलं, तोवर पेनाने एक वाढवा.”

“मग काढलं का नाही?”

“काढणार होतो गं.”

बाकीच्या अकरा केंद्रांत कोण काय वाढवतंय, कोण जाणे. पेनाने, तोंडाने की मनातल्या मनात. सगळ्यांना कळवेपर्यंत होतं तसं परत ठेव, काका म्हणाले. तिला राग आला, काकांचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. ठिगळ दिसलं तेवढं तिने उसवलं होतं. त्याच्या आधाराने कोण उभं आहे, हे विचारलंच नव्हतं. तिने सतरा ओळी परत आणल्या. वर शेरा लिहिला: ‘तात्पुरतं.’ पुढे काय लिहावं ते सुचेना, म्हणून तेवढंच ठेवलं.

बारा केंद्रांना पाठवायचं पत्र ती लिहायला बसली. पहिलीच ओळ तिने चारदा खोडली. दुपारी फोन वाजला. ताई होत्या, आवाजात उत्साह मावत नव्हता.

“सवय मोडली बघा. भिंतीवर मोठ्ठी पाटी लावली, छापलेली तारीख तीच खरी. सगळ्यांकडून घोकून घेतलं. मास्तरांना तर तीनदा म्हणायला लावलं. पेन पार ड्रॉवरच्या तळाशी टाकलं.”

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मास्तर कसे आहेत?”

“बरे आहेत. यंत्रावरून उठून आत्ताच बाहेर आलेत. पुढची चिठ्ठी घ्यायला समोरच उभे आहेत.”

“पुढची पाळी मंगळवारची ना त्यांची? काय छापलंय?”

पलीकडे कागद फाटल्याचा आवाज आला.

“सोमवार,” ताई म्हणाल्या.

समोरच्या पडद्यावर तिचाच शेरा होता. मागे काका चष्मा पुसत उभे होते.

“ताई,” ती हळूच म्हणाली, “ते पेन जरा काढता का?”