फुगलेलं पिंप

ते १९७४ साल. पेट्रोल मिळेनासं झालं होतं आणि आमच्या जॅमच्या कारखान्याची गाडी दारात नुसती उभी होती. माझे धाकटे दीर रसायनशास्त्र शिकलेले. फळांच्या साली आणि सडका गर पिंपांत आंबवून गाडीपुरतं अल्कोहोल काढायचं त्यांनी मनावर घेतलं. मागच्या शेडमध्ये भट्टी लागली.

"गुत्ता काढलाय कार्ट्यानं," मामंजी म्हणायचे. पण गुपचूप जाऊन वासही घेऊन यायचे.

त्या दुपारी मी चहा घेऊन शेडच्या दाराशी गेले आणि थबकलेच. दाराजवळचं पत्र्याचं पिंप टम्म फुगलं होतं. भावजी पलीकडच्या कोपऱ्यात, भट्टीपाशी. बाहेर यायची वाट पिंपाला खेटूनच.

"भावजी, इकडे येऊ नका! पिंप बघा!"

त्यांनी वळून पाहिलं आणि चेहरा पांढराफटक पडला. "बुचातली नळी कुठे गेली? आतला वायू जाणार कुठून?"

"मी काढली," माझ्या मागून मामंजी म्हणाले. "उघड्या नळीतून हवा लागून माल नासला असता. बिनभोकाचं बूच आवळलं, वर मेण ओतलं."

जन्मभर बरण्या हवाबंद करणारा माणूस.

पत्रा कुरकुरला. भावजींनी भट्टीवर पाणी ओतलं, तरी निखारे लालच. शेजारच्या भांड्यात तयार अल्कोहोल. पिंप फुटून ते भांडं निखाऱ्यांवर कलंडलं, तर भावजींची राखही सापडली नसती.

मामंजींनी पाना उचलला.

"बाबा, मागे व्हा!"

"गप रे. मी बंद केलंय, मीच उघडणार. सूनबाई, लांब हो."

मी दोन पावलं मागे सरले. त्यांनी मेण खरवडलं, बूच केसभर फिरवलं. बारीक शिट्टी वाजली. आणखी केसभर. शिट्टीची किंकाळी झाली.

"बस, बाबा! आता हात काढा!"

त्यांनी हात काढला, तोच बूच त्यांच्या कानाजवळून सुटलं. आंबलेला गर छताला भिडला, निखाऱ्यांवर चर्र करत पडला. भावजी उडी मारून बाहेर आले. मामंजी भिंतीला टेकून खाली बसले होते.

"लागलं का हो, बाबा?"

"काय म्हणतोस? मोठ्यानं बोल की!"

उजवा कान कायमचा गेला. मी कामाचं काही सांगायला लागले की ते मुद्दाम तोच कान माझ्याकडे करत, अगदी शेवटपर्यंत. गाडी पुढल्या महिन्यात चालली. भावजींनी नंतर मंडईच्या कचऱ्यापासून इंधन काढायचा कारखाना उभारला. गेल्या वर्षी ते झोपेतच गेले. आमच्या ह्यांनी जॅम सोडला नाही. हे गेल्यावर मी तो धंदा विकला. मी आता भावजींच्या मुलीकडे असते. कारखाना तीच चालवते.