मोरीतून बोलणारे दादा

न्हाणीघराच्या दाराशी एवढी दाटी झाली होती की मागच्यांना पुढच्यांच्या पाठींखेरीज काही दिसत नव्हतं. दिसण्यासारखं आत फारसं काही नव्हतंही. एक मोरी, तिच्यावर लोखंडी जाळी, आणि त्या जाळीला कान लावून पालथा पडलेला एक धिप्पाड माणूस. लोक त्याला कानबाबा म्हणत. भिंत, झाड, विहीर, कशालाही कान लावला की याला मेलेल्यांचं बोलणं ऐकू येतं, अशी त्याची ख्याती होती.

"मालक, आलात का?" कानबाबानं हातातली काठी फरशीवर दोनदा आपटली. "आला असाल तर बोला."

जरा वेळानं मोरीच्या पोटातून आवाज आला. गुड, गुड, गुडगुड. जाळीतून काळपट पाण्याचा एक बुडबुडा वर आला आणि फुटला.

"बोलले," शेजारचा शिंपी हळूच म्हणाला. घरच्या मालकीणबाईंचे डोळे घळाघळा वाहू लागले. त्यांचे यजमान जाऊन वर्ष झालं होतं.

स्वयंपाकघराच्या दारात त्यांची नणंद उभी होती. तिला सगळे आत्या म्हणत. सारा जन्म इस्पितळात नर्स म्हणून काढून ती आता निवृत्त झाली होती. स्वभाव पक्का संशयी. दूध आलं की आधी हुंगणार, औषध आलं की तारीख बघणार, आणि कोणी फार गोड बोलू लागलं की त्याच्या हातांकडे लक्ष ठेवणार. सकाळी ती भावाच्या घरी आली, तेव्हा फाटकातच तिला घाण वास आला होता. आवारातलं गवत उन्हानं करपलेलं, पण घरामागे सेप्टिक टँकभोवती मात्र हिरवंगार, आणि तिथली जमीन पायाखाली पचपचीत. तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली होती.

"जिवंत होता तेव्हा दादा जेवताना चार शब्द बोलायचा नाही," ती पुटपुटली. "आता बरी वाचा फुटली, आणि तीही मोरीतून."

"काय म्हणताहेत हो?" वहिनींनी कानबाबाला विचारलं.

कानबाबानं डोळे मिटले. "म्हणताहेत, या घरात घाण वास सुटलाय. संडास तुंबतो. मोरी उलटते. कधीपासून? घरात नवं माणूस आलं तेव्हापासून."

सगळ्यांच्या नजरा सुनेकडे वळल्या. ती कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होती. लग्न होऊन या घरात तिला जेमतेम सहा महिने झाले होते, आणि वासाचं खापर तेवढेच दिवस तिच्या डोक्यावर फुटत होतं.

"तिनं करणीचं गाठोडं मागच्या टाकीत टाकलंय," कानबाबा म्हणाला. "ज्या हातानं टाकलं, त्याच हातानं काढायचं. झाकण उघडून काठाशी पालथं पडायचं. डाव्या हातात पेटती मेणबत्ती, उजवा हात आत. गाठोडं निघालं तर सुटली. नाही निघालं तर तिनं या घरात राहायचं नाही."

"आई, हे काहीतरीच काय," मुलगा म्हणाला.

"गप्प बस. तुझे वडील बोलताहेत."

मुलगा गप्प बसला. याच्या कानाखाली एक ठेवून द्यावी, असं आत्याला मनापासून वाटलं.

"घालते मी हात," सून शांतपणे म्हणाली. "रोजची बोलणी तरी संपतील."

त्या टाकीत काय असतं ते आत्याला ठाऊक होतं. अशाच एका टाकीच्या काठाशी वाकलेला गवंडी चक्कर येऊन आत पडला होता, त्याला काढायला भाऊ उतरला, भावाला काढायला मित्र उतरला. तिघांनाही इस्पितळात आणलं तेव्हा आत्याच ड्यूटीवर होती. तिघांचीही नाडी लागली नव्हती.

"झाकणाला कोणी हात लावायचा नाही," ती पुढे होत म्हणाली. "आत विषारी वायू असतो. पेटतोसुद्धा."

"बाई मध्ये बोलताहेत, मालक," कानबाबानं काठी आपटली. "तुम्हाला चालतंय का?"

गुडगुडगुड. या वेळी जरा जोरातच.

"रागावले," कानबाबा म्हणाला. गर्दीनं आत्याला मागे सारलं. शब्दानं शब्द वाढवून इथं काही साधणार नाही हे तिला कळलं. ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली आणि नळाखाली पेला धरला.

धार चांगली जाड होती. बाहेर काठी आपटली, मोरी बोलली, आणि लगेच नळाची धार दोऱ्याएवढी झाली. आत्या बघतच राहिली. बाहेर कानबाबा बडबडत होता, "ये रे आत्म्या, सोड माया, सोड काया," आणि धार बारीक ती बारीकच. मग ती एकदम जाड झाली. तेवढ्यात बडबड थांबली, पुढचा प्रश्न आला, काठी आपटली, मोरी बोलली, की धार पुन्हा बारीक.

"वरच्या मजल्यावर कोणी आहे का?" तिनं शेजारणीला विचारलं.

"बाबांचा शिष्य बसलाय ना ध्यानाला. दार आतून लावून."

"कुठे?"

"न्हाणीघरात. तिथं एकाग्रता होते म्हणे."

आत्या गुडघ्यांना शिव्या घालत गच्चीवर चढली. पाण्याच्या टाकीला दोन कॉक होते, एक खालच्या मजल्याचा, एक वरचा. तिनं वरचा बंद केला. पलीकडे सेप्टिक टँकच्या हवेचा पाइप उभा होता आणि त्याच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबून वर सुतळी आवळलेली होती. तो उपटायला तिचे हात शिवशिवले, पण तिनं आवरलं. एका वेळी एकच औषध बदलायचं, ही वॉर्डातली शिस्त तिच्या अंगात मुरली होती.

खाली आली तर मुलगा पहार घेऊन मागच्या दाराकडे निघाला होता, आणि सुनेच्या हातात मेणबत्ती होती. आत्यानं ती काढून घेऊन फुंकली.

"वहिनी, तुमचा नवरा तो माझा भाऊ. मलाही त्याच्याशी दोन शब्द बोलू द्या. मग काय ते करा."

वहिनी नाही म्हणू शकल्या नाहीत. सगळे पुन्हा मोरीपाशी जमले.

"दादा, ओळखलंस का?" आत्यानं विचारलं. काठी आपटली. गुडगुड झालं. वर आधीच भरून ठेवलेली बादली ओतली असणार, हे आत्यानं ओळखलं.

"मग सांग, लहानपणी मला कोणत्या नावानं हाक मारायचास?"

काठी आपटली. मोरी गप्प. कानबाबानं आत्म्याला माया सोडायला लावली, काया सोडायला लावली आणि पुन्हा काठी आपटली. मोरी गप्पच. तिसऱ्या वेळी त्यानं काठी अशी आपटली की फरशीचा टवका उडाला.

तेव्हा जिन्यावरून आवाज आला. "बाबा, वरचं पाणी गेलंय."

शिष्य उभा होता. बाह्या वर, हातात रिकामी बादली, पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग हसू आवरेना.

"आता मी बोलवते दादाला," आत्या म्हणाली. भाच्याच्या हातात खालची भरलेली बादली देऊन तिनं त्याला वर पिटाळलं. "एकदम ओत. एकच. यानंतर या घरात पाण्याचा थेंब सांडायचा नाही."

कोणी काही विचारलं नाही, काठी आपटली नाही, आणि मोरी भडाभडा बोलली.

"टाकी काठोकाठ भरलीय," आत्या म्हणाली. "वरून पाणी आलं की त्याला जायला जागा नाही. पाइपातली हवा गच्चीवरून सुटायची, तर तिथंही बोळा. मग ती या मोरीतून निघते. बोळा कोणी घातला?"

"या बाबांनीच घालायला लावला," वहिनी क्षीण आवाजात म्हणाल्या. "म्हणाले, आत्मा तिथून निसटेल."

"पण गाठोडं आहेच टाकीत," कानबाबानं अजून हट्ट सोडला नव्हता.

"टाकीत नाही, तुमच्या डाव्या बाहीत आहे. मघापासून तो हात तुम्ही वर केलेला नाही."

शिंप्यानं बाही ओढली. केसांनी गुंडाळलेलं एक गाठोडं फरशीवर पडलं. कानबाबा दाराकडे सरकला, पण शेजाऱ्यांनी त्याची वाट अडवली आणि पोलिसांना फोन केला.

आत्यानं मैला उपसणाऱ्या गाडीला फोन केला, खिडक्या उघडायला लावल्या, गॅस बंद केला, पोरांना मागच्या आवारातून हाकललं. बोळा मुलानं काढला. गाडी आल्यावर गाडीवाल्यानं सगळ्यांना लांब उभं केलं, झाकण सरकवून बराच वेळ हवा जाऊ दिली, आणि काठावर न वाकता लांबूनच नळी आत सोडली.

"साहेब दिसत नाहीत?" पंप चालू झाल्यावर त्यानं विचारलं. "दर दोन-तीन वर्षांनी त्यांचा फोन यायचा. या खेपेला आलाच नाही. मला वाटलं, दुसरी गाडी लावली."

वहिनी पायरीवर मटकन बसल्या. घरात एवढी वर्षं वास का आला नाही, हे त्यांना आज कळलं. त्यांनी मान वर करून आत्याला विचारलं, "म्हणजे ते नव्हतेच?"

"नव्हता, वहिनी. दादा गेला. तो करायचा ते एक काम राहून गेलं, एवढंच त्या मोरीतून ऐकू येत होतं."

वहिनी रडल्या. आत्यालाही रडू आलं, तिनं ते लपवलं नाही. मग डोळे पुसून ती जमलेल्या शेजाऱ्यांकडे वळली.

"तुमच्याही घरी टाक्या आहेत. मोरी गुडगुडली, संडास तुंबला, टाकीपाशी जमीन ओली झाली, तर घरात नवं कोण आलं ते विचारू नका. टाकी शेवटची कधी उपसली ते विचारा. पाणी बंद करा, गाडी बोलवा. झाकण स्वतः उघडू नका, जवळ काही पेटवू नका. कोणी आत पडलाच तर मागे उतरू नका, अग्निशमन दलाला बोलवा. सडका वास येतो आणि मग एकाएकी येईनासा होतो, तो वास गेलेला नसतो, आपलं नाक मेलेलं असतं. हे कळायला कोणी बाबा लागत नाही."

सून टाकीच्या उघड्या तोंडाकडे लांबूनच बघत होती.

"मी खरंच वाकणार होते," ती म्हणाली.

वहिनी उठल्या, तिच्याजवळ गेल्या आणि तिचा उजवा हात त्यांनी दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला. गाडी जाईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.