चौदा मतांचा शब्द

आमच्या घरात मतं चौदा अन् चूल एक. मेडशीत आमच्या वार्डात एवढं मोठं घर दुसरं नाही. ग्रामपंचायतीची निवडणूक आली की उमेदवार ओसरीवर येऊन बसते, चहा पेते अन् मी शब्द देतो. बाप होता तोवर तो देत होता. मांगच्या खेपेले याच चौदा मतांवर आमच्या शेताचा पांदण रस्ता झाला, नाहीतर चिखलातून सोयाबीन डोक्यावर वाहा लागे. उगीच फुशारकी नाही मारत.

औंदा पलीकडच्या आळीतला सतीश आला. वार्डातली जागा बायांसाठी सुटली म्हणून त्यानं बायकोले उभं केलं होतं. मी म्हटलं, जाय, चौदा मतं तुही.

दोन दिवसांनी धाकटी सून वर्षाराणी मालेगावच्या तहसीलातून आली, ते त्याच जागेसाठी फॉर्म भरून. सतीशच्या आळीत नळाले रोज पाणी येते अन् आमच्या आळीत पाचव्या दिवशी, हे तिले तीन वर्षांपासून खुपत होतं. माह्या लेकानं, गणेशनंच तिले गाडीवर नेलं होतं. मले कोणी इचारलंबी नाही! माह्यं टाळकंच सरकलं. म्हटलं, फॉर्म मांगं घे, मी चौदा मतं देऊन बसलो.

"त्या चौदात माह्यंबी धरलं काय, मामाजी?"

"धरलंच. तू या घरची नाहीस काय?"

तिनं फॉर्म मांगं घेतला नाही. मंग मी साऱ्यायले ओसरीवर बसवलं अन् सांगितलं, शब्द देला म्हणजे देला, तो मोडला तर उद्या आपल्याले गावात कोण पुसते? साऱ्यायनं माना खाली घातल्या. आमच्या घरात याले होकार म्हणतात.

मतदानाले सारे एकाच ट्रॅक्टरवर गेलो. मी सतीशच्या बायकोच्या नावापुढचं बटन दाबलं. खोटं कायले सांगू. सून गुणाची हाय. पण दाबलं.

वर्षाराणी अकरा मतांनी निवडून आली.

निकालाच्या संध्याकाळी सतीश आला, पण बसला नाही. तुमच्या शब्दावर मी तुमच्या आळीत फिरलोबी नाही काका, एवढंच म्हणून चालला गेला. आजवर मले असं कोणी बोललं नव्हतं. मी तसाच घरात शिरलो अन् इचारलं, माहा शब्द कोणं मोडला?

भाऊ, लेक, सुना, सारे तिथंच होते. माही बायको रुख्मिणी सुपात तूर निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"मी तिले देलं."

"तू बी?"

"शब्द तुमचा होता, तो तुमी पाळला असन. माह्यं मत मले कोणी मांगतलंच नाही."

राग याले पाह्यजे होता. आला नाही, लाज वाटली. सेहेचाळीस वर्षं आमी दोघं सोबत मतदानाले जातो, अन् तुले कोणाले द्याचं हाय, हे मी तिले एकदाबी इचारलं नव्हतं.