मागच्या सीटवरचं वजन

मामाने गिऱ्हाइकासमोर "चुकलो" हा शब्द आयुष्यात उच्चारला नव्हता. गॅरेजवाल्यांचा धर्मच तो. बिघाड गाडीचा, नाहीतर रस्त्याचा, नाहीतर चालवणाऱ्याचा. हात लावणाऱ्याचा कधीच नाही. पण या खेपेला चालवणारी सख्खी भाची होती.

भाचीने स्वतःच्या पगारातून जुनी गाडी घेतली आणि मामाकडे हट्ट धरला, गाडी खाली बसलेली, ऐटबाज दिसली पाहिजे. बुटक्या स्प्रिंगा मागवायच्या तर पंधरा दिवस. एवढा दम कुणाला? मामाने ग्राइंडर उचलला, होत्या त्याच स्प्रिंगांचे दीड-दीड वेढे कापले आणि दोन तासांत गाडी बसवून दिली. एकट्यानेच चौकापर्यंत फेरी मारून आला. आवाज नाही, काही नाही. कापलेला एक वेढा त्याने भिंतीवरच्या खिळ्याला टांगला, शिकाऱ्याने शिंग टांगावं तसा.

आठ दिवसांनी भाची म्हणाली, मागे कुणी बसलं की वळणावर खरखर येते. मामाने वाकूनसुद्धा बघितलं नाही. तू वळण फार जोरात घेतेस, असं दाजींसमोर ठोकून दिलं. दाजी म्हणजे भाचीचे वडील. त्यांना आधीच पोरीच्या हातात स्टिअरिंग बघवत नव्हतं; आयतं कोलीत मिळालं.

महिन्याभरात, मागे तीन मैत्रिणी बसलेल्या असताना, वळणावर मागचा टायर फुटला. गाडी फूटपाथवर चढून खांबाला टेकली. कुणाला खरचटलंही नाही, पण दाजींनी किल्ली काढून घेतली आणि गाडी विकायचं ठरवलं. मामा म्हणतोय म्हणजे माझंच चुकलं असेल, एवढंच भाची आईजवळ बोलली. ताईने ते भावाला कौतुकाने सांगितलं. मामा चहा अर्धाच टाकून उठला.

विकण्याआधी दुरुस्तीला गाडी त्याच्याकडेच आली. त्याने चाक उतरवलं आणि उजेडात धरलं. टायर खांद्यापाशी, वरचा पट्टा बाजूला वळतो तिथे, विळ्याने कापावा तसा चिरला होता. मडगार्डची आतली कड घासून घासून चकचकीत झाली होती. रिकाम्या गाडीत हे कधीच घासलं नसतं. मागे माणसं बसली की गाडी दबणार आणि टायर कडेला लागणार. शेंबड्या पोराला कळावं असं गणित, आणि वीस वर्षं गॅरेज चालवणाऱ्या मिस्त्रीने गाडी एकट्याने तपासली होती.

त्याने कड तापवून, ठोकून आत दुमडली. नवा टायर चढवला. आता विकली की सुटलो, असं मनाशी म्हणालासुद्धा. इतका हलकट विचार आपल्याच डोक्यात उगवला, याची त्याला शिसारी आली.

दाजी, ताई आणि भाची गाडी न्यायला आले, तेव्हा टायर अजून लागतो का ते बघायला त्याने मडगार्डच्या कडेला खडू फासून ठेवला होता. तिघांना मागे बसवून अंगणात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूच एक गोल फेरी घेतली. उतरून वाकला. खडू वीतभर पुसला गेला होता.

"दाजी, पोरीचा काही दोष नाही," तो वाकलेलाच म्हणाला. "स्प्रिंगा मी कापल्या. गाडी रिकामी तपासली. ही खरखर सांगत होती, तर मी तिच्यावरच ढकललं."

"मग महिनाभर तोंडात काय कोंबलं होतंस?" दाजींनी विचारलं.

मूळ उंचीच्या स्प्रिंगा मागवतो, पंधरा दिवस लागतील, तोवर गाडी हलवायची नाही, असं काहीबाही मामा पुटपुटला. ताई त्याच्याकडे बघेना.

भाचीने खिळ्यावरचा वेढा काढला, हातात तोलला.

"मामा, मी रोज ते वळण आठवत होते. पाय कुठे चुकला, हात कुठे चुकला," ती म्हणाली. "मागे तिघी होत्या रे."

तिने वडिलांपुढे हात पसरला. दाजींनी खिसा चाचपला आणि तिच्याकडून काढून घेतलेली किल्ली तिच्या तळहातावर ठेवली.

"मामा, मागे बस. आई-बाबांच्या मधे."

तो बसला. दोन्हीकडून खांदे लागत होते. भाचीने अंगणातच, पायी चालावं इतक्या हळू, गाडी वळवली. मामाच्या बुडाखाली खरखर सुरू झाली. फेरी संपली तसा त्याने दाराकडे हात नेला.

"अजून एक," भाची म्हणाली आणि स्टिअरिंग फिरवलं.