पाणी दिलेलं लोखंड

ऑर्व्हल त्वेइट माझा शेजारी. आमच्या गावातली लाकडाची गिरणी बंद पडेपर्यंत तो तिथे करवतींना धार लावायचा. बायको गेल्यापासून तो गॅरेजमध्येच राहतो म्हटलं तरी चालेल, घरात फक्त झोपायला जातो. गावातल्या निम्म्या गाड्यांचे पार्ट त्याच्या बाकावरच्या व्हाइसच्या पकडीत कधी ना कधी अडकून गेलेत. मी शाळेची बस चालवायचे, याच डोंगरात. आता निवृत्त आहे, पण घाटातलं वळण न् वळण माझ्या हातांना पाठ आहे. हे सांगायचं कारण पुढे येईल.

थँक्सगिव्हिंगच्या सणाला त्याची मुलगी कॅरिन आली होती. ती घाटापलीकडच्या शहरात नर्स आहे. तिची गाडी जुनी, निळी, गंजानं खाल्लेली. परत निघण्याआधी पुढचे ब्रेक बदलून देतो म्हणून ऑर्व्हलनं उजवं चाक काढलं, आणि ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चाक थांबवणारा चिमटा, ज्या बोल्टनं धरलेला असतो तो बोल्ट आतच तुटला. चाकाच्या मागे जो जाड लोखंडी सांधा असतो त्याला दोन कान असतात. त्यातल्या खालच्या कानात बोल्टचं बूड रुतून बसलं.

"सोमवारी पार्ट मागव. मी हिला माझ्या गाडीनं सोडते," मी म्हणाले.

"कशाला? भोक पाडायचं, नवे आटे पाडायचे, झालं," ऑर्व्हल म्हणाला.

"डॅड, मागच्या वेळीही तू 'झालं' म्हणाला होतास," कॅरिन म्हणाली.

"मागच्या वेळी वॉशिंग मशीन होतं."

"हो ना, आणि आता मी नदीवर जाते कपडे धुवायला."

तो हसला, पण हट्ट सोडला नाही. त्यानं भंगारातून तसाच एक सांधा आणून आधी त्याच्यावर हात बसवला होता. लोखंड इतकं कडक की ड्रिल नुसतं किंचाळायचं, निळं पडायचं आणि घसरायचं. मग त्यानं ज्योतीनं कान लाल केला, राखेच्या बादलीत पुरून सावकाश गार होऊ दिला, तेव्हा कुठे ड्रिल आत शिरलं. तिथे भोक जरा तिरकं गेलं, म्हणून तो तुकडा बाजूला पडला. कॅरिनच्या गाडीचा सांधा सोडवून त्यानं तसाच मऊ केला, त्यात मात्र भोक सरळ पडलं. आटेही उतरले. शेवटच्या फेऱ्यांमध्ये आटे पाडायचा टॅप तुटला. त्यानं कान पुन्हा लाल केला आणि टॅपचा तुकडा ठोकून बाहेर काढला. तोवर दुपार होत आली होती, घाटावर ढग उतरत होते आणि कॅरिन कोट घालून दारात उभी होती.

"अंधाराआधी उतरायचंय मला, डॅड."

राखेत गार व्हायला वेळ लागला असता. ऑर्व्हलनं सांधा चिमट्यात धरून पाण्याच्या बादलीत बुडवला. चर्र झालं, वाफ आली. बोल्ट छान बसला. तिनं बापाच्या गालाचा मुका घेतला, मला मिठी मारली आणि निघाली.

ती गेल्यावर थोड्याच वेळात मी त्याला सँडविच घेऊन गेले तेव्हा तो गॅरेज झाडत होता. झाडूचा दांडा बाकाला लागला आणि भंगारातला सांधा खाली काँक्रीटवर पडला. आवाज विचित्र आला, लोखंडासारखा नाही, चिनीमातीच्या बशीसारखा. ऑर्व्हल वाकला. सांधा एका बाजूला होता आणि कान दुसऱ्या बाजूला. तुटलेला भाग साखरेच्या खड्यासारखा दाणेदार दिसत होता.

"हा कसा तुटला?" मी विचारलं. "कमरेइतक्या उंचीवरून पडला नुसता."

 तुकडा हातात घेऊन उभा राहिला. त्याच्या ओठांचा रंग उतरताना मी पाहिला.

"यालाही मी पाणी दिलं होतं," तो म्हणाला. "भोक तिरकं गेलं म्हणून चिडून, पुन्हा लाल करून, बादलीत टाकला होता. नॅडीन, मी आयुष्यभर करवतींना पाणी देत आलो. लाल लोखंड पाण्यात बुडवलं की काचेसारखं होतं, हे मला कोणी शिकवायला नको होतं."

"तिचाही कान तसाच?"

"तिचाही तसाच."

फोन लागला नाही. दरीत शिरलं की कुणाचाच लागत नाही. त्यानं तरी पुन्हापुन्हा लावला. मी त्याच्या हातातून त्याच्या गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्या.

"माझ्या पिकअपनं जाऊ. चालवते मी."

त्यानं जॅक आणि हत्यारांची पेटी मागे टाकली. गाव मागे पडलं. मग म्हणाला, "चढावर ब्रेक फारसा लागत नाही. माथ्याच्या आत गाठली पाहिजे. माथ्यापलीकडे सगळा उतार आहे."

"गाठू."

"कान गेला की कॅलिपर सुटतो. नुसता ब्रेक गेला तर ठीक. पण तो चाकात अडकला तर चाक जागच्या जागी बांधलं जातं. त्या नदीवरच्या वळणावर..."

"ऑर्व्हल, मला रस्ता बघू दे."

मलाही ते वळण दिसत होतं. बसमध्ये मुलं असायची तेव्हा तिथे मी श्वास रोखून धरायचे. खाली खोल दरी, आणि कठड्याचा पत्रा गंजलेला. बर्फ पडायला लागला होता, भुरभुर, काचेला न चिकटणारा. मी जितकं जमेल तितकं दामटत होते.

वरून एक अँब्युलन्स आली. लाल दिवे फिरत होते, भोंगा बंद होता. ऑर्व्हलनं माझं मनगट धरलं.

"थांबव तिला."

"कशी थांबवू?"

"भोंगा का नाही वाजवत?" तो म्हणाला. "नॅडीन, भोंगा बंद कधी ठेवतात?"

मला माहीत होतं कधी ठेवतात, घाई करण्यासारखं काही उरलं नसलं की. मी म्हणाले, "रस्ता मोकळा असला की ठेवतात." अँब्युलन्स गेली. आरशात तिचे दिवे बराच वेळ दिसत राहिले आणि मला वाटत राहिलं की आपण चुकीच्या दिशेला चाललोय. ऑर्व्हल पूर्ण मागे वळून बसला होता. मग तो पुढे वळला आणि हलक्या आवाजात त्याच्या पूर्वजांच्या नॉर्वेजियन भाषेत प्रार्थना म्हणू लागला. त्याला ती भाषा येते हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

वरच्या टप्प्यावर बर्फ काढणारी गाडी समोरून आली. मी रस्त्याच्या मधोमध थांबून हात केला. चालकानं काच खाली केली.

"बाई, मरायचंय का?"

"निळी गाडी पाहिली का? जुनी. बाई चालवतेय."

"माथ्यावर एक निळी उभी आहे. बर्फासाठी चाकांना साखळ्या घालतात त्या जागेवर. दिवे चालू आहेत, आत कोणी दिसलं नाही."

"कोणी नाही म्हणजे?"

"म्हणजे कोणी नाही. मला काय माहीत."

माथ्यावर पोचलो तेव्हा गाडी तशीच होती. दिवे चालू, ड्रायव्हरच्या बाजूचं दार जरासं उघडं, सीटवर बर्फाची भुकटी. ऑर्व्हल माझी गाडी पुरती थांबायच्या आत उतरला आणि घसरून पडला. उठला तो थेट कठड्याकडे गेला आणि खाली बघू लागला. तो तिला हाका मारत होता. मी सुद्धा खाली पाहिलं. देवदारांचे शेंडे आणि त्यांच्या खाली पांढरं, दुसरं काही नाही.

"डॅड? तू इथे काय करतोयस?"

ती मागे उभी होती. रस्त्याच्या कडेला जो लाकडी संडास आहे, त्यातून बाहेर आली होती, हातमोजे घालत.

"वाऱ्यानं दार उघडलं वाटतं," ती म्हणाली. मग तिनं बापाचा चेहरा पाहिला. "कोण गेलं?"

"कोणी नाही," मी म्हणाले.

ऑर्व्हलनं तिला जवळ घेतलं नाही. मला वाटतं त्याला तिला हात लावायची भीती वाटली. त्यानं जॅक काढला, उजवं चाक उतरवलं आणि बर्फात गुडघे टेकून बसला. कॅरिननं मोबाइलचा उजेड धरला. त्यानं तारेच्या ब्रशनं कान घासला तेव्हा केसाएवढी काळी रेघ दिसली, भोकापासून कडेपर्यंत गेलेली.

"ओरखडा आहे का?" कॅरिननं विचारलं.

त्यानं बोल्टला पाना लावला. मी शपथेवर सांगते, त्यानं जोर दिलाच नव्हता. पाना नुसता वळला, टक् असा आवाज झाला आणि कानाचा अर्धा भाग बोल्टसकट खाली बर्फात पडला.

 कॅरिन माथ्यापलीकडे बघत होती, जिथून रस्ता खाली जातो.

"मी फक्त लघवीला थांबले होते," ती म्हणाली. "घरूनच जाऊन निघणार होते. मग वाटलं, उशीर होतोय."

"मी पाणी दिलं त्याला," ऑर्व्हल म्हणाला. "तुझी घाई होती म्हणून नाही. मला वाट बघायची नव्हती. मला मी केलेलं काम बसलेलं बघायचं होतं."

ती त्याच्या शेजारी बर्फात बसली. म्हणाली, "मला आता खूप राग यायला हवा. येईल. आत्ता येत नाहीये."

गाडी तिथेच ठेवली. तिनं गाडीतून पिशवी आणली, आणि आम्ही तिघं माझ्या पिकअपच्या एका सीटवर दाटीवाटीनं बसलो, ती मध्ये. पुढे जायचं की मागे, हा प्रश्न कोणी काढला नाही. मी गाडी घराकडे वळवली.

तोही उतारच होता. माझे ब्रेक नवे आहेत, शहरातल्या गॅरेजमध्ये घातलेले, आणि मी सावकाश चालवत होते. तरी प्रत्येक वळणाआधी ऑर्व्हलचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर जोरात दाबला जायचा, जिथे काहीच नव्हतं. काही वेळानं कॅरिननं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तरीही तो दाबतच होता, अगदी खाली सपाट रस्ता लागेपर्यंत.